भिंतीवरचं रांगडं अक्षर : कुणी घडवलं, कुणासाठी घडवलं

  आज बचतीचा हिशोब नाही, कर्जाचा हप्ताही नाही. आज आपण अक्षराच्या गोष्टी बोलणार आहोत. शाळेच्या पुस्तकातलं बारीक अक्षर नव्हे. पिठाच्या गिरणीवर, टेम्पोच्या मागं, दूध डेअरीच्या भिंतीवर, जत्रेतल्या तमाशाच्या जाहिरातीवर असतं ते. जाड, भरदार, काळी कड असलेलं, मागं सावली पाडलेलं. शहरातली माणसं त्याला गावठी म्हणतात. आम्ही त्याला रांगडं म्हणतो, आणि त्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही.

हे अक्षर असं जाडजूड का झालं? कुणी घडवलं? आणि आपल्या पापडाच्या पुड्याशी, ग्रामपंचायतीच्या फलकाशी त्याचा काय संबंध? ऐका तर मग.

आधी जुन्या अक्षराकडं जाऊ. छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या बोरूनं लिहीत. बोरू म्हणजे टोक तिरकं छाटलेली लेखणी. तो एका बाजूला ओढला की जाड रेघ येते, दुसऱ्या बाजूला ओढला की बारीक. आपल्या देवनागरीचा जाड-बारीकपणा त्या तिरक्या टोकातून आला आहे. पण पोथीचं अक्षर मांडीवर ठेवून वाचायचं अक्षर. एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. बायका बहुतेक ऐकणाऱ्यांत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. तोवर आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं, अक्षर दुरून बघायचं, हात लावायचा नाही, हीच बाईमाणसाची रीत होती.

आता छापखान्याकडं येऊ. छापायचं तर प्रत्येक अक्षराचा धातूचा ठसा लागतो. मराठी छापखान्यात त्याला खिळा म्हणत, आणि खिळे जुळवणाऱ्याला जुळारी. खिळा बनवायचा कसा? पोलादाच्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं. ते टोक तापवून कडक करायचं. मग तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचं, म्हणजे तांब्यात अक्षराचा साचा उमटतो. त्या साच्यात शिसं आणि त्यात मिसळलेले दुसरे धातू वितळवून ओतले की खिळा तयार. म्हणजे पहिलं काम कोरणाऱ्या हाताचं. ते हात कुणाचे होते बघा.

बंगालात हुगळीला १७७८ साली बंगाली भाषेचं एक व्याकरण छापलं गेलं. त्याच्या बंगाली खिळ्यांच्या कामात इंग्रज अधिकारी चार्ल्स विल्किन्स यांच्याबरोबर पंचानन कर्मकार होते. कर्मकार म्हणजे तिकडचा लोहार. पुढं हेच पंचानन श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात गेले आणि तिथं देवनागरीचे खिळेही घडले. त्यांच्यामागं त्यांचे जावई मनोहर यांनी ते काम चालवलं. त्याच श्रीरामपुरातून विल्यम कॅरी यांचं मराठी व्याकरण १८०५ साली बाहेर पडलं. आपल्या भाषेची सुरुवातीची छापील अक्षरं अशी दूर बंगालात, लोहाराच्या घरातल्या कसबातून आली.

मुंबईत काय झालं? गणपत कृष्णाजी नावाच्या कारागिरानं १८३१ साली मराठी पंचांग छापलं. पण खिळ्यांनी नाही, शिळेवर. शिळाछापात गुळगुळीत दगडावर तेलकट शाईनं लिहितात. दगड ओला केला की कोऱ्या जागेवर पाणी धरतं आणि लिहिलेल्या जागेवर शाई धरते. कागद दाबला की हाताचं अक्षर जसंच्या तसं उतरतं. इथं खिळ्याचं बंधन नाही. अक्षर हवं तेवढं मोठं काढा, हवं तसं वळवा. म्हणून पोथ्या, चित्रं आणि जाहिराती यांच्यासाठी शिळाछाप पुष्कळ वर्षं टिकला.

मग आले जावजी दादाजी. जन्म १८३९ चा, घरची गरिबी. लहानपणीच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात महिना दोन रुपयांवर खिळे घासायच्या कामाला लागले. त्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळ्यांचं काम केलं होतं. घासता घासता जावजी ते काम बघून शिकले. १८६४ मध्ये त्यांनी खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू अक्षर कोरायचे. निर्णयसागरचं देवनागरी वळण इतकं सुबक ठरलं की मराठीच काय, संस्कृत ग्रंथही त्या अक्षरांत छापून देशभर गेले. मैत्रिणींनो, दोन रुपयांवर खिळे घासणारं पोर आणि त्याचा कोरीव काम करणारा मित्र, या दोघांनी मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यांना वळण लावलं. ज्यांना शास्त्र शिकवायला कुणी तयार नव्हतं, त्यांच्याच हातून शास्त्राची पुस्तकं सुंदर झाली.

पण शिशाच्या खिळ्याची एक अडचण होती. पुस्तकाच्या अक्षराला शिसं ठीक. जाहिरातीसाठी वीतभर अक्षर हवं असेल तर? एवढा खिळा शिशाचा केला तर वजन भारी, खर्च भारी, आणि निवताना पृष्ठभाग सारखा राहत नाही. मग लाकूड आलं.

ही गोष्ट अमेरिकेतली आहे. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स यांनी १८२७ साली फिरत्या पात्यानं लाकडी अक्षरं कापायची रीत काढली. १८३४ साली विल्यम लेव्हनवर्थ यांनी त्याला नक्कल करणारं यंत्र जोडलं. एका टोकाची काडी नमुन्याच्या अक्षरावरून फिरवायची, की दुसऱ्या टोकाचं पातं तेच अक्षर लाकडावर लहान किंवा मोठं कापत जातं. लाकूड बहुधा मेपल झाडाचं, आणि तेही आडवं कापलेलं, म्हणजे ठोकळ्याच्या तोंडावर लाकडाची टोकं येतात आणि दाबाला ते टिकतं. मग जत्रा, सर्कस, लिलाव, नाटक, सगळ्यांच्या जाहिराती जाड जाड अक्षरांत भिंतीवर लागल्या. या अक्षराला नाजूकपणा परवडणारा नव्हता. घोड्यावरून जाणाऱ्या माणसालाही ते वाचता यायला हवं होतं.

१८८० साली विस्कॉन्सिन राज्यातल्या टू रिव्हर्स गावी एका छापखान्याला जाहिरातीसाठी मोठी अक्षरं हवी होती. एडवर्ड हॅमिल्टन यांनी ती पायानं चालवायच्या करवतीवर कापून दिली. त्यातून जो कारखाना उभा राहिला तो पुढं त्या देशातला लाकडी अक्षरांचा सगळ्यांत मोठा कारखाना झाला. आता ध्यान देऊन ऐका. यंत्राचं पातं गोल फिरतं, म्हणून अक्षराचा आतला कोपरा गोलच राहतो. टोकदार कोपरा हवा असेल तर धारदार सुरीनं हातानं साफ करावा लागतो. या कोपरे साफ करण्याच्या कामावर बायका होत्या. जाहिरातीवर मालकाचं नाव आलं, यंत्र काढणाऱ्याचं नाव इतिहासात आलं. कोपरा साफ करणाऱ्या बाईचं नाव बहुधा कुठंच आलं नाही. इंग्लंडातही खिळे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांत अक्षरांची मोजून-मापून रेखाटनं करायला विसाव्या शतकात पुष्कळ बायका होत्या, आणि त्यांची नोंद अलीकडं कुठं होऊ लागली आहे. तांदूळ निवडणारी, पापड लाटणारी आणि अक्षराचा कोपरा साफ करणारी, तिघींची गत एकच.

आपल्याकडंही छापखान्यांत मथळ्यासाठी आणि नाटक-तमाशाच्या जाहिरातींसाठी लाकडी खिळे वापरत. पण आपल्या भिंती खऱ्या रंगवल्या त्या पेंटरनं.

पेंटर म्हटलं की कोल्हापूरचं नाव निघतं. बाबूराव पेंटर यांचा जन्म १८९० चा, घराणं मिस्त्रीकाम करणारं. ते आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवायचे, म्हणून मिस्त्री आडनाव मागं पडून पेंटर हेच नाव झालं. बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. १९२० साली सैरंध्री हा चित्रपट आला. १९२५ साली सावकारी पाश आला. सावकाराच्या कर्जात जमीन जाऊन शहरात मजुरीला गेलेल्या शेतकऱ्याची ती कथा. बचत गटातल्या बायांना ती कथा कुणी वेगळी समजावून सांगायला नको. बाबूराव चित्रपटाच्या जाहिराती स्वतः रंगवायचे. ज्या गावात वाचणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके, तिथं चित्रानं थांबवायचं आणि मोठ्या अक्षरानं नाव सांगायचं, हे काम जाहिरातीचं.

गावोगावच्या पेंटरची रीत अजून आपल्या डोळ्यांपुढं आहे. आधी भिंत घासून घ्यायची, पांढरा हात मारायचा. मग दोरीला खडूची भुकटी किंवा नीळ लावायची, दोघांनी दोन टोकं ताणून धरायची आणि मधून एक फटका द्यायचा. भिंतीवर सरळ रेघ उमटते. ती शिरोरेषा. खाली दुसरी रेघ. मधल्या पट्टीत खडूनं अक्षरं बसवायची, अंदाज घ्यायचा, मगच ब्रश बुडवायचा. अंग भरलं की कड, कड झाली की सावली. आणि सगळ्यांत शेवटी खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं नाव आणि गाव.

ते अक्षर जाड असण्याला कारणं आहेत. पहिलं, अंतर. एसटीतून जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढं भिंत क्षणभरच राहते. दुसरं, भिंत. आपली भिंत खडबडीत, कुठं पोपडा निघालेला. बारीक रेघ त्यात हरवते, जाड रेघ टिकते. तिसरं, ऊन-पाऊस. रंग विटला तरी जाड अक्षर दोन-चार वर्षं वाचता येतं. चौथं कारण आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. वाचणाऱ्याची नजर. मोतीबिंदू झालेली आजी आणि चाळिशीत अक्षर जोडायला शिकलेली मावशी, दोघींना जाड अक्षर हात देतं.

पण नुसतं जाड करून भागत नाही. आपल्या लिपीत म आणि भ, घ आणि ध, व आणि ब, प आणि ष यांच्यात फरक किती असतो? एक गाठ, एक वळसा, पोटातली एक रेघ. अक्षर जाड करताना पोटातली मोकळी जागा बुजली, की घरचं धरच होतं. चांगला पेंटर अंग भरतो, पण अक्षराचं पोट मोकळं ठेवतो. वरची वेलांटी आणि मात्रा शिरोरेषेत घुसू देत नाही, खालचा उकार पुढच्या ओळीला टेकू देत नाही. हे त्याला कुठल्या शाळेनं शिकवलेलं नसतं. उस्तादाच्या हाताखाली डबे धुता धुता तो ते शिकतो, जसे जावजी खिळे घासता घासता शिकले.

मग फ्लेक्स आला. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गावागावांत पेंटरचं काम गेलं. फ्लेक्स तासाभरात छापून मिळतो, स्वस्त पडतो, फोटोही येतो. पेंटरांपैकी कुणी घरं रंगवायला लागले, कुणी रिक्षा घेतली. आम्ही फ्लेक्सला शिव्या घालायला बसलो नाही. आमच्याही मेळाव्याचा फलक फ्लेक्सचाच असतो. पण एक कला हातातून जाते तेव्हा तिच्यातलं ज्ञानही जातं, ते मात्र सांभाळायला हवं.

ते सांभाळायचं काम काही जणांनी केलं. दिल्लीत काम करणारे हनीफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं गोळा करून संगणकासाठी फॉन्ट बनवले, आणि त्या फॉन्टला त्या त्या पेंटरचंच नाव दिलं. पेंटर कफील हे त्यातलं एक. कुरेशी २०२४ मध्ये वारले. कारागिराचं नाव अक्षराला चिकटवून ठेवण्याचं मोठं काम ते करून गेले.

मराठीच्या जवळची गोष्ट यात्रा वन या फॉन्टची. मुंबईच्या लोकलच्या स्टेशनांवर पेंटरांनी हातानं रंगवलेल्या पाट्या बघून कॅथरीन ली श्मिट या बाईंनी ही अक्षरं घडवली. जाड अंग आणि आडवा-तिरका ब्रश टेकवल्यावर उमटतात तशी टोकं, हे सगळं त्यात उतरलं आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेत सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी मोदक हा फॉन्ट केला. नावासारखाच गुबगुबीत. अक्षराचं पोट इतकं भरलेलं की आत जेमतेम एक फट राहते, तरी अक्षर ओळखू येतं. त्याच संस्थेचा बलू हाही ठसठशीत, आणि तो आपल्या देशातल्या अनेक लिप्यांत आहे. बघा, हॅमिल्टनच्या कारखान्यात कोपरे साफ करणारीचं नाव हरवलं होतं. इथं अक्षर घडवणाऱ्या बाईचं नाव फॉन्टबरोबर येतं.

हे तिन्ही फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत. म्हणजे पैसे न भरता ते उतरवून घेता येतात, आपल्या विक्रीच्या पुड्यावर वापरता येतात. फॉन्ट तेवढा वेगळा काढून विकायचा नाही, एवढी अट. म्हणजे गटाच्या लेबलासाठी अक्षर कुठून चोरायची किंवा विकत घ्यायची गरज नाही.

आमच्या गटांत आता लेबल ठरवताना एक रीत पडली आहे. नमुना छापून आणायचा आणि दहा पावलांवर धरायचा. गटातल्या ज्या बाईला सगळ्यांत कमी वाचता येतं, तिला आधी विचारायचं. तिला मालाचं नाव वाचता आलं तर लेबल पास. नाव जाड अक्षरात, पण घटक, वजन, किंमत, तारीख मात्र साध्या मोकळ्या अक्षरात. कारण मोदकसारखं गुबगुबीत अक्षर बारीक केलं की त्याची पोटं बुजतात. ज्याचं काम त्यानं करावं. ढोलाचं काम बासरीला लावू नये आणि बासरीचं ढोलाला.

आता खरी गोष्ट. अक्षर मोठं आणि ठळक असणं ही शोभेची बाब नाही, हक्काची आहे. माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्याच्या चौथ्या कलमात सांगितलं आहे की सरकारी कार्यालयांनी आपली माहिती स्वतःहून लोकांपुढं ठेवावी, आणि ती पोचवण्याच्या मार्गांत सूचना फलक स्पष्ट मोजला आहे. पण फलक लावला आणि अक्षर मुंगीएवढं ठेवलं, तर कागदोपत्री माहिती दिली गेली आणि बाईपर्यंत पोचलीच नाही. दुकानांच्या पाट्यांबाबत महाराष्ट्रात २०२२ साली कायद्यात बदल झाला. मराठी देवनागरी अक्षर दुसऱ्या भाषेच्या अक्षरापेक्षा लहान नसावं, असं त्यात आलं. म्हणजे अक्षराच्या आकाराला मानपान असतो, हे सरकारनंही मान्य केलं आहे. मग रेशनच्या भावफलकाचं, अंगणवाडीच्या आहाराच्या तक्त्याचं, ग्रामपंचायतीच्या खर्चाच्या फलकाचं अक्षर कुणाच्या नजरेला पुरेल असं असावं, हे विचारायचा अधिकार आपला नाही का?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या साधारण शहात्तर बायका साक्षर निघाल्या. त्यातल्या कितीतरी जणी अडखळत वाचणाऱ्या असतील, आणि उरलेल्या चोवीस तर अक्षरापासून दूरच. अडखळणाऱ्या बाईला बारीक, गिचमिड अक्षर दिसलं की ती म्हणते, चष्मा घरी राहिला, तूच वाच बाई. तिथं तिचा निर्णय दुसऱ्याच्या तोंडी जातो. ठळक, मोकळं अक्षर असेल तर ती स्वतः ओठ हलवत वाचते. वेळ लागतो, पण वाचते. मग भाव किती, माल किती आला, आपलं नाव यादीत आहे की नाही, हे तिचं तिला कळतं.

तर येत्या महिन्यात गटाच्या बैठकीत एवढं करा. एक, ग्रामसभेत सांगा की महिलांच्या कामाचे फलक मोठ्या जाड अक्षरात आणि डोळ्यांच्या उंचीवर हवेत. बैठकीच्या ठरावात हे लिहून घ्या. दोन, गटाच्या लेबलाची दहा पावलांची परीक्षा घ्या. तीन, गावात किंवा शेजारच्या गावात एखादा जुना पेंटर अजून असेल तर गटाची एक भिंत त्याला द्या. गटाचं नाव, बैठकीचा वार, व्याजाचा दर, एवढं लिहायला सांगा आणि त्याची मजुरी चोख द्या. शाळा सुटल्यावर चार पोरी तिथं उभ्या करा. दोरी ताणून धरायला पोरी चालतात, ब्रश धरायलाही चालतात. पेंटर म्हणजे बाप्याच असतो असं कुठल्या अक्षरात लिहिलेलं नाही.

आणि भिंत पूर्ण झाली की खाली कोपऱ्यात पेंटरचं नाव लिहायला विसरू नका. मदत केलेल्या पोरींची नावंही. लोहार, खिळे घासणारं पोर, सुरी चालवणाऱ्या बायका, सगळ्यांनी मिळून हे अक्षर आपल्यापर्यंत आणलं आहे. यापुढं त्यात हात लावणाऱ्यांची नावं राहावीत, एवढीच आमची इच्छा.

तुमच्या भिंतीवर काय लिहिलंत ते आम्हाला नक्की कळवा.